वसतिगृह आणि परतफेड

गरीब विद्यार्थ्याची फी माफ केली म्हणजे शाळेचे कर्तव्य संपले, ही समजूत अद्यापि दृढ आहे. साताऱ्याचा अनुभव वेगळा आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ मध्ये साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. मुले एकाच पंक्तीस जेवत आणि कामेही स्वतःच करीत. धान्य सरले तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले. (गौरवग्रंथांत या प्रसंगाचे पावित्र्यच अधिक रंगविले जाते, त्यामागची उपासमार मात्र झाकली जाते.) १९४० मध्ये निघालेल्या महाराजा सयाजीराव हायस्कूलमागेही हाच विचार होता: मुलाने श्रम द्यावेत आणि विद्या घ्यावी. दयेचे ओझे नसल्यामुळेच कदाचित येथील विद्यार्थी संस्थेकडे परतले. पी. जी. पाटील इंग्लंडहून बॅरिस्टर होऊन आले आणि वकिलीच्या मिळकतीपेक्षा त्यांनी संस्थेतील अध्यापन पत्करले. पुढे ते शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. आज शिष्यवृत्ती थेट बँकेच्या खात्यात जमा होते, हे योग्यच. परंतु खेड्यातील मुलगा शहरातील हायस्कुलात येतो, तेव्हा रात्री तो कोठे जेवतो व कोठे निजतो, याची विचारपूस करणारा शिक्षक त्या योजनेत कोठेच दिसत नाही.