पाळण्यातले पाय

मुलाचे पाय पाळण्यात दिसतात ही म्हण आपण बहुधा मूल मोठे झाल्यावर, मागे वळून पाहताना वापरतो. पाळण्यापाशी उभे राहून बाळाला शंभरपैकी गुण देण्याचे धाडस सहसा कोणी करत नाही. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतात मात्र दरवर्षी वसंत ऋतूत, बहुधा एप्रिलमध्ये, नेमके हेच घडते आणि त्याला समीक्षा असे भारदस्त नाव दिले जाते. माझा आक्षेप त्या नावाला आहे.

आधी वस्तुस्थिती. मागच्या शरदात तोडलेल्या द्राक्षांची लाल वाइन या वेळी जेमतेम सहा महिन्यांची असते. ती ओकच्या पिंपात पडून असते; बाटलीत जायला तिला अजून वर्षभर तरी लागणार असते. वेगवेगळ्या पिंपांतल्या वाइन मिसळून अंतिम मिश्रण ठरवायचे कामही अनेक ठिकाणी पुरते झालेले नसते. तरीही जगभरचे व्यापारी आणि समीक्षक येतात, दिवसाला अनेक डझन नमुने तोंडात घोळवून थुंकतात आणि आकडे लिहितात. ते आकडे पाहून भाव निघतात. ग्राहक आज पैसे मोजतो आणि बाटली सुमारे दोन वर्षांनी त्याच्या हाती पडते. या व्यवहाराला 'आँ प्रिमर' म्हणतात. चाखला जाणारा नमुना मालकाने या प्रसंगासाठी स्वतः काढून दिलेला असतो, हे वेगळे सांगायला नको. प्रकाशकाने निवडून पाठवलेल्या खर्ड्याच्या चार प्रकरणांवरून कादंबरीचे परीक्षण कोणी छापले, तर आपण त्याला काय म्हणू?

आता प्रत्यक्ष चवीकडे येऊ. या वयाची काबेर्ने सोव्हिन्यों तोंडात घेतली की सर्वांत आधी जाणवतो तो तुरटपणा. आपल्या षड्रसांत तुरट आहे; जांभूळ, आवळा, सुपारी यांनी तो आपल्याला लहानपणीच शिकवलेला असतो. आधुनिक शास्त्र त्याला चवीपेक्षा स्पर्श मानते. द्राक्षांच्या सालीतून आणि बियांतून (थोडी ओकमधूनही) आलेली टॅनिन्स लाळेतल्या प्रथिनांना धरतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ टाळ्याला खरखरीत लागते. वर्षे जातात तशी ही टॅनिन्स एकमेकांशी आणि रंगद्रव्यांशी जोडली जातात, काही गाळ होऊन तळाशी बसतात. जांभळा रंग विटकरी होतो, फळांचा वास मागे सरतो आणि तंबाखू, चामडे, देवदार यांची आठवण देणारे वास पुढे येतात. यासाठी आपल्याकडे 'मुरणे' हा नेमका शब्द आहे. पण लोणचे मुरणार याची आपल्याला जवळपास खात्री असते, इथे ती नसते. तुरटपणा आधी निवळेल की फळ आधी सरेल, हाच तरुण लाल वाइनबद्दलचा खरा प्रश्न असतो आणि आजची जीभ त्याचे उत्तर अर्धेच देते. 1975 चे पीक दीर्घायुषी म्हणून वाखाणले गेले. त्यातल्या अनेक वाइनमध्ये फळ सरले तरी तुरटपणा तसाच राहिला. 1982 चे पीक काही जाणत्यांना टिकण्याच्या दृष्टीने फारच मऊ वाटले होते. ते डौलदारपणे मुरले.

इथे प्रतिपक्ष मला अडवेल. 1982 ची थोरवी ओळखली ती रॉबर्ट पार्करनेच, आणि तीही पिंपातूनच! हे खरे आहे, आणि त्या अंदाजाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. 1978 मध्ये सुरू केलेल्या त्याच्या पत्रिकेचा दबदबा त्या एका अंदाजाने वाढला. पण व्यापाराने त्यातून उचलला तो आकडा. पार्कर स्वतः पिंपातल्या वाइनला एकच आकडा देत नसे, दोन आकड्यांमधला पल्ला देई. ती शंकेची प्रामाणिक खूण होती. जाहिरातीत येताना त्या पल्ल्याचे वरचे टोक तेवढे शिल्लक राहते. (शंभर गुणांची ही पट्टी पन्नासापासून सुरू होते हेही जाता जाता नोंदवावे. इतक्या उदार परीक्षेत आपल्यापैकी कोणीच नापास झाला नसता.)

2004 च्या वसंतात शातो पावीच्या 2003 च्या वाइनवरून पार्कर आणि जॅन्सिस रॉबिन्सन यांच्यात जुंपली. त्याने तिला डोक्यावर घेतले. रॉबिन्सन यांनी वीसपैकी बारा गुण दिले. वाइनविश्वाने दोन तट केले आणि कोणाची जीभ बरोबर यावर वाद घातला. वाइन अवघ्या काही महिन्यांची आहे, एवढ्यात निवाड्याची घाई कशाला, असे म्हणणारे आवाज त्या गलक्यात क्षीणच राहिले.

हा केवळ समीक्षकांच्या प्रतिष्ठेचा मामला असता तर सोडून देता आला असता. परंतु निवाडा वसंतात होणार असेल, तर वाइनही वसंतासाठी घडवण्याचा मोह होतो. द्राक्षे वेलीवर अधिक पिकू द्यावीत, नवे ओक सढळ वापरून व्हॅनिलाचा गोड वास आणावा, मॅलोलॅक्टिक किण्वन पिंपातच घडवून वाइन लवकर एकजीव वाटेल असे पाहावे. यातली एकही गोष्ट स्वतःहून पाप नाही. पण वीस वर्षांनी बोलू लागणाऱ्या वाइनला सहाव्या महिन्यात बोलके करण्याच्या या खटपटीत तिच्या म्हातारपणाचे काय होते, हे विचारायला सौदा झाल्यावर कोणी थांबत नाही. गडद रंगाचा प्रभाव तर विचारूच नका. बोर्दोच्याच संशोधकांनी 2001 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांना पांढरी वाइन लाल रंग घालून दिली, तेव्हा तिच्या वासाचे वर्णन त्यांनी लाल वाइनच्या शब्दांत केले.

तरुण वाइनचा निवाडा करूच नये, असे माझे म्हणणे नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येणारी बोजोले नूव्हो तरुणपणीच पिण्यासाठी केलेली असते. तिला आजच बरेवाईट म्हणावे. पोयाकच्या शातो लातूरने (आपल्या लातूरशी उच्चारापलीकडे संबंध नाही) 2012 मध्ये आँ प्रिमरमधून बाहेर पडण्याचे जाहीर केले आणि वाइन पुरेशी मुरल्यावरच विकण्याचे ठरवले. अर्थात, तळघरे भरून वाट पाहणे अशा श्रीमंतांनाच परवडते. लहान मालकाला पैसा आजच हवा असतो. त्याने जरूर आगाऊ विकावे. समीक्षकाला मात्र ही अडचण नाही. त्याने आम्ल किती, टॅनिन दाणेदार की रेशमी, फळ कोणत्या अवस्थेत आहे ते गद्यात लिहावे, पुढचे अनुमान अनुमान म्हणून सांगावे, आकडा गाळावा. आणि दहा वर्षांनी तीच बाटली उघडून नव्या टिपणाशेजारी जुने टिपण जसेच्या तसे छापावे. सुरुवात 1975 च्या टिपणांपासून करायला हरकत नाही.