हॉर्सपॉवर विकू नका, माप विका



गाड्यांची आवड असलेली मुलं मला हमखास एकच प्रश्न विचारतात. "सर, आयटीआय झालंय, सातपूरला नोकरी आहे, पण मला परफॉर्मन्स गॅरेज टाकायचंय. पिस्टन, कॉनरॉड, कॅम बदलून पॉवर वाढवून द्यायची. नाशिकमध्ये चालेल का?" पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो, मुद्रा लोन मिळेल का.

लोन मिळेल. किशोरमध्ये 5 लाखांपर्यंत आणि तरुणमध्ये 10 लाखांपर्यंत मर्यादा आहे, कागद नीट असतील तर बँक विचार करते. पण माझं स्पष्ट मत सांगतो. "पॉवर वाढवून देतो" अशी पाटी लावून नाशिकमध्ये गॅरेज टाकू नका. त्याच कौशल्यावर दुसरा धंदा उभा राहतो आणि तो चालतो. कसा, ते बघू.

आधी इंजिनच्या आत काय होतं ते समजून घ्या. मारुतीचं जी13बी इंजिन घ्या. एस्टीममध्ये होतं, जिप्सीत होतं, आणि रॅलीवाल्यांचं आवडतं. बोअर 74 मिमी, स्ट्रोक 75.5 मिमी, 1298 सीसी. आता ग्राहक येऊन म्हणतो, "अर्धा मिमी बोअर वाढवा, पिकअप येईल." हिशोब करा. 74.5 केलं की इंजिन होतं साधारण 1316 सीसी. म्हणजे 18 सीसी, दीड टक्क्याच्याही आत. एवढ्यासाठी ब्लॉक बोअरिंगला पाठवला, नवे पिस्टन घेतले, आणि कसारा घाटात फरक कोणाला कळणार? कोणालाच नाही. बोअर झिजला असेल तर रिबोअर जरूर करा, पण ती दुरुस्ती झाली.

खरी पॉवर वाढते आरपीएम वाढवल्याने, कॉम्प्रेशन वाढवल्याने किंवा टर्बो लावल्याने. आणि तिथेच आतले पार्ट मोडायला लागतात. आरपीएम 6000 वरून 7200 वर नेलं तर वाढ दिसते 20 टक्के, पण पिस्टनच्या वजनामुळे कॉनरॉडवर येणारा ओढ्याचा ताण वाढतो 44 टक्के, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. म्हणून फोर्ज्ड रॉड लागतात, चांगले रॉड बोल्ट लागतात, व्हॉल्व्ह स्प्रिंग बदलाव्या लागतात. ते झालं की क्लच घसरतो. क्लच बदलला की गिअरबॉक्स बोलायला लागतो. पॉवर आली की ब्रेक कमी पडतात. ग्राहकाने बजेट पिस्टनचं आणलेलं असतं आणि बिल अख्ख्या गाडीचं होतं. मग त्याला वाटतं तुम्ही फसवलं.

आता तुमचा हिशोब. आकडे मी समजण्यासाठी घेतोय, तुमच्या गॅरेजचे तुम्ही टाका. समजा एक इंजिन बांधायचे तुम्ही 35,000 घेतले. बोअरिंग, हेड फेसिंग, बॅलन्सिंग बाहेरून करून घेतलं, 12,000 गेले. काम 12 दिवस चाललं, हेल्परला रोज 600 प्रमाणे 7,200. गाळ्याचं भाडं महिन्याला 12,000 धरलं तर 12 दिवसांचे 4,800. उरले 11,000, आणि यात तुमचा स्वतःचा पगार अजून धरलेला नाही.

यातलं एक इंजिन जाम होऊन परत आलं तर? पुन्हा 12 दिवस, पुन्हा हेल्पर, पुन्हा भाडं, पुन्हा मशीनवाल्याचे पैसे. 24,000 खिशातून. म्हणजे दोन चांगल्या गाड्यांचा नफा गेला, आणि पिस्टनचे पैसे कोणी द्यायचे यावरचं भांडण वेगळं. परफॉर्मन्स इंजिन परत येण्याची शक्यता साध्या इंजिनापेक्षा जास्तच असते, कारण ग्राहक ते पिळायलाच घेतो. रन-इन करायला सांगितलं तर त्याच रात्री गंगापूर रोडला मित्रांना ऐकवायला नेतो!

तिसरी गोष्ट कायद्याची, आणि ही बरेच जण हसण्यावारी नेतात. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आहे. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर स्पष्ट सांगितलं की गाडीचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल चालणार नाही. त्याच वर्षी कायद्यात 182अ कलम आलं. परवानगी नसलेला बदल केला तर गाडीमालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. "आतला पिस्टन कोण उघडून बघणार?" असं मुलं म्हणतात. रस्त्यावर पोलीस उघडणार नाही हे खरं. पण मोठा अपघात झाला आणि विम्याचा सर्व्हेअर आला की प्रश्न सुरू होतात, आणि बिलावर नाव तुमचं असतं.

मग करायचं काय?

घरच्या पार्किंगमध्ये स्वतः गाडी बनवणारा जो हौशी माणूस आहे, त्याच्याकडे नीट बघा. पार्ट तो ऑनलाइन मागवतो. पान्यांचा सेट त्याच्याकडे तुमच्यापेक्षा भारी असतो. व्हिडिओ बघून तो इंजिन खोलतोही. अडतो कुठे? मापाला. क्रँकपिन आणि बेअरिंगमधला क्लिअरन्स पिनच्या व्यासाच्या साधारण हजाराव्या भागाएवढा धरतात. 42 मिमीची पिन असेल तर 0.04 मिमी. डोक्याच्या केसापेक्षाही कमी. हे बोटाने कळत नाही, "हाताला बसलंय" म्हणून चालत नाही. फोर्ज्ड पिस्टन तापल्यावर कंपनीच्या कास्ट पिस्टनपेक्षा जास्त फुगतो, म्हणून त्याला भिंतीशी क्लिअरन्स जास्त ठेवावा लागतो. जुन्या मापाने बोअर केला तर गरम झाल्यावर पिस्टन ओरखडतो, जाम होतो. रिंगचं तोंड कमी ठेवलं तर टोकं एकमेकांना भिडतात आणि पिस्टनचा काठच तुटतो. भारीतले पार्ट बसवूनही इंजिनं जातात ती बहुतेक अशी.

तेव्हा धंदा मापाचा करा. ब्लॉक आणा, क्रँक आणा, पार्ट तुमचेच आणा. आम्ही प्रत्येक बोअर तीन उंचीवर, दोन दिशांनी मोजू, प्रत्येक पिन मोजू, रॉडचं वजन जुळवू, रिंग गॅप करून देऊ, आणि मापाचा कागद सहीने देऊ. मोजणीचे पैसे वेगळे, असेंब्लीचे वेगळे. कागदावर माप चुकीचं दिसलं तर काम तिथेच थांबवायचं, बांधायचं नाही. मोजणीचे पैसे मात्र घ्यायचे. इथे बरेच जण संकोच करतात. डॉक्टर रिपोर्टचे पैसे घेतो की नाही?

हे नाशिकमध्ये का चालेल, तर इथल्या हाताला मायक्रॉन नवा नाही. बॉश, म्हणजे जुन्या लोकांची मायको, इथे डिझेलचे इंजेक्टर आणि नोझल बनवत आली. त्यात मायक्रॉनमध्येच बोलतात. सातपूरला महिंद्राच्या गाड्या बनतात, इगतपुरीला त्यांचं इंजिनांचं काम. अंबडच्या शॉपमधून रिटायर झालेला क्वालिटीचा माणूस आठवड्यातून दोन दिवस तुमच्याकडे यायला तयार होईल, त्याला शोधा. पुण्यामुंबईचा ट्यूनर हे सहज मिळवू शकत नाही.

आणि तुमचं भाकरीचं गिऱ्हाईक रेसवाला नसेल, हेही आत्ताच सांगतो. ते असेल निफाड-दिंडोरीचा द्राक्षवाला. ऑक्टोबर छाटणी झाली की ब्लोअरचा ट्रॅक्टर एक दिवस उभा राहून चालत नाही, फवारणी चुकली तर बाग जाते. त्याच्या ट्रॅक्टरचं, पिकअपचं इंजिन बांधताना तुम्ही कागदावर माप दिलंत, तर पुढच्या वर्षी तो भावाचा ट्रॅक्टर घेऊन येईल. बोअर गेज तेच, मायक्रोमीटर तेच.

हौस मारू नका असं मी म्हणत नाही. परफॉर्मन्सचं काम घ्या, पण नियम लावून. नाशिकच्या आसपास महाराष्ट्र रॅली झालेली आहे, इथे मोटरस्पोर्टची जाण असलेली माणसं आहेत. एफएमएससीआयचं लायसन्स असलेल्या चालकाची स्पर्धेची गाडी असेल तर फोर्ज्ड पिस्टन बसवा. त्यातही आधी त्याच्या क्लासचे नियम मागून घ्या, कारण काही क्लासमध्ये आतले पार्ट बदलायलाच मनाई असते. रस्त्यावरची गाडी असेल तर कंपनीच्या मापात, पण अचूक बांधून द्या. खरं सांगू, नीट मापात बांधलेलं जुनं इंजिन चालवल्यावर निम्म्या लोकांची पॉवरची भूक तिथेच भागते.

सुरुवातीला बोअरिंग मशीन घेऊ नका, लोन त्यात अडकेल. बोअरिंगवाला शहरात आहे, त्याच्याकडून काम करून घ्या आणि परत आल्यावर तुम्ही मोजा. पहिल्या दिवशी तो चिडेल. महिन्याभराने तोच इतरांची कामं मोजायला तुमच्याकडे पाठवेल. घ्यायचं ते मायक्रोमीटरचा सेट, बोअर गेज, डायल, चांगला टॉर्क रेंच, आणि वजनकाटा. ताणून घट्ट करायचे हेड बोल्ट पुन्हा वापरायचे नाहीत, ग्राहक कितीही म्हणाला तरी. आणि मापाची हत्यारं वर्षातून एकदा कॅलिब्रेट करून घ्या, त्याचं सर्टिफिकेट काउंटरच्या मागे लावा. सोय सातपूर-अंबडमध्येच आहे.