उबवणारीला बोल कशाला?

दिवाळीनंतर आमची तांबडी खुडूक बसली. खुराड्यातून हलेना, हात पुढे केला की पिसं फुलवून अंगावर यायची. मग पाटीत भाताचं तूस पसरलं आणि तिला बसवली. आमच्याकडे अंडी नेहमी विषम संख्येत बसवतात, म्हणून अकरा. पण तिची स्वतःची अंडी त्यात चारच होती. बाकीची आम्ही तोवर खाल्ली होती. चार चुलत सासूबाईंकडून आणली, तीन रस्त्यापलीकडच्या काकूंनी दिली. एकविसाव्या दिवशी सकाळी पाटीतून चिवचिव ऐकू आली आणि दुपारपर्यंत दहा पिलं तिच्या पंखांखालून डोकावू लागली. एक अंडं गदळ निघालं. पुढच्या पंधरवड्यात एक पिलू घारीनं उचललं, एक थंडीनं गारठून गेलं. राहिली आठ.

संक्रांतीच्या सुमाराला तुरे दिसायला लागले. एकाचा तांबडा, दुसऱ्याचा तांबडा, तिसऱ्याचाही. शेवटी मोजदाद झाली तेव्हा सहा कोंबडे आणि दोन तलंगा. चुलत सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. म्हणाल्या, "हिच्या अंगाखाली नरच निघत्यात गं. माझ्या माहेरी बी अशीच एक होती. बाजार दाखव हिला."

त्यांचा शब्द आमच्या घरात सहसा कुणी मोडत नाही. कोंबड्यांचं मला जे येतं, ते बरंचसं त्यांनीच शिकवलं आहे. खुडूक कोंबडीला दिवसातून एकदा उठवून दाणापाणी द्यायचं, सातव्या-आठव्या रात्री अंडं दिव्यासमोर धरून शिरांचं जाळं दिसतंय का ते पाहायचं, हे सगळं त्यांचंच. पण तांबडीच्या बाबतीत त्या चुकत होत्या, आणि हे मी त्यांना सांगितलं.

पिलू नर होणार की मादी, हे अंडं कोंबडीखाली ठेवल्यावर ठरत नाही. अंडं घातलं जाण्याच्या सुमारे एक दिवस आधी, कवचही चढलेलं नसताना, ते कोंबडीच्या पोटात ठरून गेलेलं असतं. माणसांत बाईकडे दोन एक्स गुणसूत्रं आणि पुरुषाकडे एक एक्स, एक वाय. पक्ष्यांत हे उलटं आहे. कोंबड्याकडे दोन्ही झेड, कोंबडीकडे एक झेड आणि एक डब्ल्यू. कोंबड्याकडून नेहमी झेडच येणार. अंड्यात कोंबडीचं झेड गेलं तर नर, डब्ल्यू गेलं तर मादी. म्हणजे निवाडा होतो तो अंडं घालणारीच्या अंगात, आणि त्यातही तिची इच्छा किंवा खोड काही नाही, निम्मी-निम्मी शक्यता. तांबडीनं तर तीन घरची अंडी उबवली होती. त्यातली सात तिची नव्हतीच.

माणसांत ठरतं बापाच्या बाजूनं आणि मुलगी झाली की बोल लागतो आईला. इथं ठरतं आईच्या बाजूनं, तर बोल लावला जातो जिचा निम्म्याहून अधिक अंड्यांशी रक्ताचाही संबंध नाही तिला. मला हे फार लागलं. आमचं कापूरहोळ धाराऊंचं गाव. 1657 साली पुरंदरावर शंभूराजे जन्मले तेव्हा त्यांना दूध पाजायला गेल्या त्या धाराऊ गाडे इथल्याच. दुसरीचं लेकरू आपलं म्हणून वाढवण्याचं मोल या गावाला मी काय सांगावं?

मग सहा नर कसे निघाले? यासाठी मी शाळेत जाणाऱ्या पुतण्याला पाटीवर हिशेब मांडायला बसवलं. आठ पिलं, प्रत्येकाचे दोन पर्याय, म्हणजे एकूण 256 तऱ्हा. त्यांपैकी नेमके चार नर, चार माद्या अशा तऱ्हा 70. आणि सहा-दोन किंवा त्याहूनही एकतर्फी, मग नर जास्त असोत की माद्या, अशा तऱ्हा 74. पुतण्यानं दोनदा बेरीज केली. सारखी वाटणी होण्यापेक्षा असा तिरका उतारा किंचित जास्तच वेळा पडायचा. आपण चार-चारची वाट बघतो आणि ते झालं नाही की कारण शोधत सुटतो. शंभर पिलांत पंचाहत्तर नर निघाले असते तर मीही म्हटलं असतं, काहीतरी बिनसलंय. आठांत सहा ही रोजची गोष्ट आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही सगळेच विसरलो होतो. अंडी अकरा होती. गदळ निघालेलं एक, घारीनं नेलेलं एक, गारठलेलं एक, या तिघांत कोण काय होतं कुणाला ठाऊक? त्या तिन्ही माद्या असत्या तर उतारा झाला असता सहा आणि पाच. अकरांत याहून समान वाटणी होतच नाही. आपण तुरे फुटल्यावर मोजतो, तेही जगलेल्यांचे. पाटीत काय होतं ते कधीच मोजत नाही.

अंड्याच्या आकारावरून नर-मादी ओळखायची रीत आमच्याकडेही आहे. टोकदार अंडं नराचं, गोल अंडं मादीचं. रोमन शेतीकार कोल्युमेला हेच सांगून गेला आहे. त्याच्या कितीतरी आधी ॲरिस्टॉटलनं नेमकं उलटं लिहिलं होतं, टोकदार ते मादीचं. दोघांपैकी कुणाचंच खरं नाही. काकू दोऱ्याला सुई बांधून अंड्यावर धरतात. सुई हलते ती हाताच्या थरथरीनं.

यापेक्षा मला राग आला तो उबवणीचं यंत्र विकणाऱ्या एका माणसाचा. तापमान जरा कमी ठेवा, माद्या जास्त निघतील, असं त्यानं मला छातीठोकपणे सांगितलं होतं. हे कासवांत घडतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर येणाऱ्या ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यात वाळूच्या तापमानावर नर-मादी ठरते, आणि तिथंही वाळू जास्त तापली तर माद्या वाढतात. कोंबडीला साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब लागते. ती ढळली तर पिलांचं लिंग बदलत नाही, पिलं अंड्यातच मरतात. असं ऐकून कुणी बल्ब काढून ठेवला तर त्याच्या हाती गदळ अंडी येतील.

मादीची ही ओढ मी समजू शकते. अंडी मादीच देणार. पशुसंवर्धन खात्याच्या योजनेतही तलंगांचा गट 25 माद्या आणि 3 नर असाच असतो, कारण फलित अंड्यांसाठी आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. पण निसर्ग तसा गट अंड्यातून काढून देत नाही, तो नंतर निवडावा लागतो. अंड्यांच्या मोठ्या धंद्यात ही निवड पहिल्याच दिवशी होते. एका दिवसाच्या पिलाचं गुद उघडून नर-मादी ओळखण्याची कला 1920 च्या दशकात जपानच्या मासुई आणि हाशिमोतो यांनी जगाला दिली, आणि तेव्हापासून अंड्यांच्या जातीतले नर जन्मताच मारले जाऊ लागले. आजही दरवर्षी जगभरात अशी अब्जावधी पिलं मारली जातात. जर्मनीनं 2022 पासून यावर बंदी घातली. परड्यातल्या उबवणीत असं काही करावं लागत नाही, हे मला तिचं मोठेपण वाटतं. आमचे सहाही कोंबडे दाणा टिपत, उकिरडा उकरत मोठे झाले. महामार्गावरच्या गावात गावठी कोंबड्याला गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. पाच आखाडात गेले. सहावा, मानेवर सोनेरी झाक असलेला, ठेवून घेतला, पण तो काकूंना देऊन त्यांचा घेतला, म्हणजे घरातल्या घरात जोड लागायला नको.

आता मी एक वही केली आहे. अंडी कुणाच्या घरची, किती, किती फुटली, किती गेली, शेवटी नर किती, माद्या किती. एका उताऱ्यावर काहीच कळत नाही, दहा-पंधरा उतारे साठले की आकडे आपोआप निम्म्याकडे सरकू लागतात. तुमच्याकडेही अशी नरांची म्हणून बदनाम झालेली कोंबडी असेल तर तिला बाजारात नेण्याआधी एवढं लिहून बघा. पाटीवर एकवीस दिवस उपाशीतापाशी बसणारी, पावसात पिलांवर पंख धरणारी कोंबडी सहज मिळत नाही. पुष्कळ जातींतून ती खोडच काढून टाकली आहे, त्या खुडूक बसतच नाहीत.

चुलत सासूबाईंनी माझं सगळं ऐकून घेतलं, मान्य केलं नाही. पण परवा तांबडी पुन्हा खुडूक बसली तेव्हा त्याच पदरात अंडी घेऊन आल्या. यावेळी तेरा बसवली आहेत, त्यातली नऊ त्यांच्याकडची.