वांद्र्यात कुठे खायचं, हे मला विचारू नका

दोन वर्षांपूर्वी मी एक शीट बनवली होती. नाव ‘बांद्रा : कुठे खायचं’. ४३ ठिकाणं. प्रत्येकासमोर क्युझीन, दोघांचा अंदाजे खर्च, गर्दी टाळायची वेळ आणि माझ्याकडून पाचपैकी गुण. बीकेसीतल्या आमच्या ऑफिसात नवीन कुणी रुजू झालं की लॅपटॉप मिळायच्या आधी त्याला ही लिंक मिळायची. गुरगाव, हैदराबादहून आलेली मंडळी मला ‘फूड गाय’ म्हणायची. (मराठीत लिहिल्यावर हे बिरुद जरा वेगळंच दिसतं, पण असो.) शीट इतकी फिरली की एकदा एका अनोळखी माणसाने ती मलाच फॉरवर्ड केली.

त्या शीटची मला आता लाज वाटते. तुमच्या फोनमध्ये सेव्ह करून ठेवलेल्या ‘बांद्र्यातले मस्ट ट्राय पंधरा कॅफे’ छापाच्या रील्सची तुम्हालाही थोडी वाटावी, म्हणून हा लेख.

मी मूळचा कराडचा. राहतो वांद्रे पश्चिमेला, रानवारजवळच्या एका गल्लीत, एका ईस्ट इंडियन आंटींच्या घरी पेइंग गेस्ट म्हणून. पहिल्या दिवशी त्यांनी दार उघडून ‘जेवून आलास का?’ असं विचारलं आणि मी हिंदीत उत्तर दिलं. समोरच्या बाई फ्रॉकमध्ये, गळ्यात क्रूस, भिंतीवर मोत माउलीची तसबीर. माझ्या डोक्याने परस्पर ठरवून टाकलं की यांना मराठी कुठून येणार. त्या पुन्हा मराठीतच बोलल्या, मी पुन्हा हिंदीत. तिसऱ्यांदा त्यांनी विचारलं, ‘तुला मराठी येत नाही काय?’ त्यांच्या मराठीची ढब वेगळी आहे, तिची नक्कल मी इथे करणार नाही. पण ती मराठीच आहे, आणि आमच्या टीममधल्या मराठी पोरांच्या मराठीपेक्षा तिच्यात इंग्रजी शब्द कमी आहेत.

ईस्ट इंडियन म्हणजे मुंबई, साष्टी, ठाणे, वसई या पट्ट्यातले मूळचे ख्रिस्ती. पोर्तुगीजांच्या काळात धर्म बदलला, भाषा राहिली. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, त्यांनी ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं. कारण व्यावहारिक होतं. गोव्याहून, मंगळूरहून नोकऱ्यांसाठी ख्रिस्ती लोक मुंबईत येत होते, आणि आपण त्यांच्यातले नाही, इथलेच आहोत, कंपनी सरकारच्या काळापासून चाकरीत आहोत, हे साहेबाला दिसायला हवं होतं. इथल्या माणसांना आपण इथले आहोत हे सांगण्यासाठी इंग्रजी नाव घ्यावं लागलं. या १८८७ कडे मी पुन्हा येणार आहे.

आंटींच्या स्वयंपाकघरात फडताळाच्या वरच्या फळीवर काळपट बिअरच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. पहिल्यांदा पाहिल्या तेव्हा माझा गैरसमज झाला होता. त्यात बाटली मसाला असतो. भर उन्हाळ्यात मिरच्या, धणे, हळद आणि आणखी वीसेक जिन्नस वाळवायचे, भाजायचे, कांडायचे आणि उजेड लागू नये म्हणून काळ्या बाटलीत ठासून भरायचे. प्रत्येक घराचं प्रमाण वेगळं, आणि ते शेजारणीला सांगायचं नाही. कराडला माझी आई एप्रिलमध्ये डंकावर मिरची कांडून आणते तेव्हा जो ठसका गल्लीभर लागतो, तोच मला इथे पहिल्या मे महिन्यात लागला. त्या वासाने मला घरची आठवण आली, ४३ पैकी एकाही ठिकाणी आली नव्हती तशी. रविवारी लोणवस, म्हणजे दुधी घातलेलं मटण. सणाला फुगिया, आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे, सारपोतेलबरोबर. आंटी आजूबाजूच्या घरांना ऑर्डरप्रमाणे करूनही देतात. हिशोब एका जुन्या डायरीत.

तर अशा बाईंना मी, इंजिनीअर माणूस, म्हणालो, ‘आंटी, तुम्ही अ‍ॅपवर का नाही?’

सगळी खटपट मीच केली. अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर ती १०० रुपयांत व्हायची, ती केली. फोटो काढले. पॅकिंगचे डबे आणले. मग फॉर्ममध्ये ‘क्युझीन’ आलं. तिथे लिहायला मोकळी जागा नव्हती, निवडायची यादी होती. त्यात कोरियन होतं, मेक्सिकन होतं, ‘हेल्दी फूड’ नावाचं क्युझीनसुद्धा होतं. ईस्ट इंडियन नव्हतं. ‘महाराष्ट्रीयन’ होतं, पण ते निवडलं तर पुरणपोळी आणि मिसळीच्या रांगेत पोर्क दिसणार, कोण क्लिक करणार? मी ‘गोवन’ निवडलं. गोवन शोधणारे पुष्कळ असतात, हे मला कामामुळे माहीत होतं. आंटी मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, ‘आम्ही गोव्याचे नाही.’ मी म्हणालो, ‘आंटी, ते फक्त शोधण्यासाठी असतं.’

१८८७ मध्ये एका समाजाने नाव बदलून जे सांगितलं, ते मी एका ड्रॉपडाउनमध्ये दोन सेकंदांत खोडलं.

पुढे जे झालं ते तुम्ही ओळखलं असेल. तीन आठवड्यांत नऊ ऑर्डरी आल्या, त्यातल्या चार आमच्याच टीमच्या. लोणवस मागवणाऱ्या एकाने एक तारा दिला आणि लिहिलं, ‘मटणात दुधी? हे ऑथेंटिक गोवन नाही.’ त्याचं बरोबरच होतं. एवढ्या थोड्या ऑर्डरींत एक तारा म्हणजे सरासरीचं भरीत. किचन यादीत खाली खाली गेलं आणि दिसेनासं झालं. आंटींनी टॅब्लेट माझ्या हातात दिला. ‘बंद कर ते. माझ्या आईचं मटण गोव्याचं नाही म्हणून माझे मार्क कोण कापतो?’

आता माझ्या धंद्याबद्दल थोडं. शोधल्यावर काय वर दिसावं आणि काय खाली, हे ठरवणारा कोड मी लिहितो. जेवणाचा नाही, दुसऱ्या मालाचा, पण तत्त्व तेच. जे वर दिसतं त्यावर लोक क्लिक करतात. ज्यावर लोक क्लिक करतात ते चांगलं असणार असं मशीन शिकतं, म्हणून ते आणखी वर जातं. ज्याच्या हाती ससा तो पारधी. नवीन आणि छोट्या माणसाला अधूनमधून मुद्दाम वर दाखवलं नाही तर त्याच्याबद्दल मशीनला कधीच काही कळत नाही. हे आमच्या क्षेत्रात सगळ्यांना माहीत आहे, आणि त्यावर उपायही आहेत. पण अनोळखी किचन वर दाखवणं म्हणजे खात्रीची ऑर्डर खाली ढकलणं, आणि त्या तिमाहीचा आलेख कुणाला तरी मीटिंगमध्ये दाखवायचा असतो. मीही दाखवतो. ‘अल्गोरिदमने ठरवलं’ असं कुणी म्हणालं की समजा, माझ्यासारख्या कुणीतरी गुरुवारी संध्याकाळी ठरवलं आणि घरी गेला.

माझी शीट म्हणजे हाताने चालवलेला तोच कोड होता. ४३ ठिकाणं मला कशी सापडली? इतर याद्यांमधून. त्या याद्या करणाऱ्यांना? आणखी इतर याद्यांमधून.

वांद्र्याबद्दल लिहिताना प्रत्येक जण एक शब्द वापरतो : वैविध्य. पश्चिमेला एका फेरफटक्यात रामेन, ताको, बाओ, हुमस, बेगल, सावरडो सगळं मिळतं. मिळो. मला रामेन आवडतं, साडेसातशे रुपये देऊन मी ते खातो आणि उद्याही खाईन. पण त्या सगळ्या जागांमध्ये बसलेली माणसं बघा. एकाच पगाराची, एकाच वयाची, एकाच इंग्रजीत बोलणारी, माझ्यासारखी. ताटं बारा देशांची आणि बसणारे एकाच इमारतीतले, याला वैविध्य म्हणायचं? खरं वैविध्य चॅपल रोडच्या बुटक्या घरांत आहे, चिंबईच्या कोळीवाड्यात आहे, स्टेशनजवळच्या मुसलमान वस्तीत आहे. ते बहुतेक मेन्यूवर येत नाही, आणि आलं तर ‘कॅच ऑफ द डे’ असं नाव घेऊन, पकडणाऱ्याचं नाव गाळून येतं.

शिवाय मेन्यू वाढत असताना स्वयंपाकघरं आकसतही होती. मार्च २०१५ पासून महाराष्ट्रात बैल आणि वळू कापायला बंदी आली, गाय आधीपासून होतीच. म्हशीचं मांस चालतं, पण इथल्या किती तरी ख्रिस्ती आणि मुसलमान घरांतला रोजचा, स्वस्तातला पदार्थ एका कायद्याने बदलला. त्यावर खाण्याच्या याद्या करणाऱ्यांपैकी कुणी ओळ लिहिल्याचं मला आठवत नाही. मीही लिहिली नव्हती. त्या सुमारास मी बारावीच्या अभ्यासात होतो, हे कारण शीट बनवताना उरलेलं नव्हतं.

पूर्वेचं तर विचारूच नका. लोकलमधली बाई ‘वांद्रे’ म्हणते, आम्ही ‘बांद्रा’ म्हणतो आणि त्यातही ‘वेस्ट’ गृहीत धरतो. माझ्या ४३ मध्ये पूर्वेचं एकच ठिकाण होतं, हायवे गोमंतक, तेही कुणीतरी ओरडल्यावर घातलेलं. ज्या बाजूला सरकारी वसाहत आहे, मराठी लेखकांचं साहित्य सहवास आहे, बेहरामपाडा आहे, आणि माझं स्वतःचं ऑफिस आहे, त्या बाजूला लोक जेवतच नाहीत असं शीट वाचून वाटावं. तिथे लोक जेवतात. ऑफिसबाहेर दुपारी डाळ-भाताच्या टपरीवर रांग असते. त्यात आमच्या इमारतीचे सुरक्षारक्षक असतात, आणि आम्हाला पश्चिमेहून पोके बोल आणून देणारी मुलंही.

आता आपल्या मराठी मंडळींकडे वळतो, कारण मला माहीत आहे की इथपर्यंत वाचून काहींनी मान डोलावली असेल. ‘बघा, वांद्र्यात मराठी माणसाला मराठी जेवण मिळत नाही.’ ही तक्रार मी आमच्या प्रत्येक गेट-टुगेदरला ऐकतो. मित्रहो, मिळतं. ते फ्रॉक घातलेल्या बाई करतात म्हणून तुम्हाला दिसत नाही. तुमच्या डोक्यातलं ‘मराठी जेवण’ हाही एक ड्रॉपडाउनच आहे : थालीपीठ, मिसळ, साबुदाणा वडा, आणि फार तर मालवणी थाळी. त्यात सारपोतेल नाही. सोडे घातलेलं वांगं कोळणीने केलं तर ‘कोळी फूड’, आपल्या आईने केलं तर मराठी. अ‍ॅपच्या कंपनीला निदान महाराष्ट्राबाहेरून आल्याची सबब आहे. आंटींशी हिंदीत बोलणारा मी कुठून आलो होतो?

गिरणगावात खानावळवाल्या बाया होत्या. दोन वेळ गिरणी कामगारांना जेवू घालायच्या, महिन्याला पैसे घ्यायच्या, आणि वाण्याच्या, सावकाराच्या उधारीत बुडालेल्या असायच्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी त्यांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकेची कर्जं मिळवून दिली. आज त्याच कामाला ‘होम शेफ’ म्हणतात आणि सावकाराच्या जागी कमिशन आहे. खानावळीचे दिवस सोन्याचे होते असं मी म्हणत नाही. दहा बाय दहाच्या खोलीत वीस माणसांचा स्वयंपाक करण्यात सोनं कसलं? पण तिथे मीठ जास्त पडलं तर जेवणारा तोंडावर सांगायचा आणि रात्री पुन्हा तिथेच जेवायला यायचा. एक तारा देऊन गायब व्हायची सोय त्याला नव्हती.

यावर मला ऑफिसात उत्तर मिळालं की कॅफेंमुळे रोजगार मिळतो, बाजार ठरवतो, ज्याला टिकायचं त्याने ब्रँडिंग शिकावं. रोजगार मिळतो, कबूल. बाजार ठरवतो हे मात्र मला सांगू नका, तो कोण ठरवतो ते मी वर लिहिलं आहे. दुसरा एक जण म्हणाला, मग तू आंटींवर रील कर, ‘हिडन जेम’ म्हणून. हिडन कुणापासून? त्या गल्लीतल्या प्रत्येकाला त्या घरात शिजतं काय ते माहीत आहे. पंधरा घरांचा स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या दारात एका शनिवारी दोनशे माणसं उभी राहिली, तर रविवारी ती दार उघडणार नाही.

मला हवं आहे ते फार किरकोळ आहे. त्या फॉर्ममध्ये एक मोकळी चौकट हवी, जिथे माणूस आपल्या जेवणाचं नाव स्वतः लिहील. नव्या किचनला पहिले काही आठवडे हक्काने वर दाखवा, आणि पन्नास ऑर्डरी होईपर्यंत तारे झाकून ठेवा. तीन दिवसांचं काम आहे, मी करून देतो.

शीट मी काढून टाकली. लोक अजून लिंक मागतात. नवी करावी का, असं एकदा मनात आलं. सप्टेंबरात, मोत माउलीच्या जत्रेच्या आठवड्यात, आंटींकडे पाहुण्यांची रीघ होती आणि मी फुगिया तळायला मदत करत होतो. म्हणजे झाऱ्या धरून उभा होतो. विचारलं, ‘आंटी, या वेळी फक्त खरी ठिकाणं टाकतो. तुमचा नंबर घालू?’

त्यांनी माझ्या हातातला झाऱ्या काढून घेतला, फुगिया उलटल्या आणि म्हणाल्या, ‘नको. खुर्च्या चारच आहेत.’