कोष्टकातली गैरसोयीची ओळ

मराठीच्या अध्यापकाला तर्कशास्त्राशी काय कर्तव्य, असे आम्हांलाही वाटत असे. पुढे आमच्या महाविद्यालयात तर्कशास्त्राच्या अध्यापकांची जागा रिकामी राहिली आणि अकरावीचे ते तास मराठी विभागातल्या आम्हां दोघांकडे आले. सत्यता-कोष्टक मांडायला आम्ही शिकलो ते विद्यार्थ्यांच्या जेमतेम आठवडाभर आधी. त्या अनुभवातून आमचे एक मत बनले आहे. साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने हे कोष्टक एकदा तरी स्वतःच्या हाताने मांडले पाहिजे.

कृती तशी सोपी आहे. विधान सत्य तरी असते किंवा असत्य तरी. त्यामुळे दोन विधानांच्या चार शक्यता होतात, तीन विधानांच्या आठ आणि चार विधानांच्या सोळा. उजवीकडच्या रकान्यात सत्य आणि असत्य एकाआड एक लिहायचे, त्याच्या डावीकडे दोन-दोनदा, त्याच्याही डावीकडे चार-चारदा. ही शिस्त यांत्रिक वाटते, पण तिचा हेतू एवढाच की एकही शक्यता सुटू नये, विशेषतः आपल्याला नको असलेली. लुडविग विट्गेन्श्टाइन आणि एमिल पोस्ट यांनी १९२१ साली एकमेकांपासून स्वतंत्रपणे ही पद्धत मांडली, आणि तेव्हापासून ती तर्कशास्त्राच्या प्राथमिक शिक्षणाचा भाग झाली.

खरी अडचण येते ती 'जर-तर'पाशी. पूर्वांग सत्य आणि उत्तरांग असत्य असेल तरच ते विधान असत्य. उरलेल्या तिन्ही ओळींत सत्य. एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, अट पुरी झालीच नाही, तरी विधान खरे कसे?" आमच्यापैकी एकाने उत्तर दिले, "नियम आहे, लिहून घ्या." ज्या विषयात प्रत्येक पायरीचे कारण द्यायचे असते, त्याच विषयात आम्ही कारण मागणाऱ्या मुलीला गप्प बसवले होते. ते उत्तर आम्हांला बरेच दिवस टोचत राहिले.

दुसऱ्या दिवशी आम्ही फळ्यावर एक वाक्य लिहिले: 'उद्या पाऊस पडला तर तास होणार नाही.' पाऊस पडला आणि तास झाला नाही, तर शब्द पाळला गेला. पाऊस पडूनही तास झाला, तर मोडला. पाऊस पडला नाही आणि तास झाला, तर तक्रार नाही. पाऊस पडला नाही, पण शिक्षक आजारी पडल्यामुळे तास झाला नाही, तर? त्यांना खोटे ठरवता येईल का? कोरड्या दिवसाविषयी ते काही बोललेच नव्हते. वर्गाला हे पटले. त्या मुलीला पटले, हे आमच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचे.

मग ध्यानात आले की या ओळींची उदाहरणे आपल्या परंपरेत केव्हाचीच तयार आहेत. 'जिथे धूर तिथे अग्नी' हे न्यायदर्शनातले प्रसिद्ध उदाहरण अन्नंभट्टाच्या 'तर्कसंग्रहा'त आपण वाचतो. धूर आहे आणि अग्नीही आहे, ते स्वयंपाकघर. दोन्ही नाहीत, ते सरोवर. धूर नाही पण अग्नी आहे, तो तापून लाल झालेला लोखंडाचा गोळा. राहिली धूर असून अग्नी नसण्याची ओळ. ती सापडली की नियमच मोडतो, आणि नैयायिक त्याला व्यभिचार म्हणतात. अर्थात व्याप्ती आणि कोष्टकातले 'जर-तर' एक नव्हेत. व्याप्तीला दोहोंमधला नित्य संबंध लागतो, कोष्टकाला संबंधाशी देणेघेणे नसते. तरीही तो तापलेला गोळा दोन्हीकडे एकच ताकीद देतो: अग्नी दिसला म्हणून धूर गृहीत धरू नका.

ही ताकीद आपण समीक्षेत किती पाळतो? 'श्रेष्ठ साहित्यकृती वाचकाला अस्वस्थ करते. ही कादंबरी अस्वस्थ करते. म्हणून ती श्रेष्ठ.' अशा उत्तरांना आम्ही वर्षानुवर्षे चांगले गुण देत आलो. कोष्टक शिकल्यावर आमचाच एक जुना चर्चासत्रातला निबंध काढून पाहिला, तर त्यात हेच अनुमान तीन ठिकाणी निघाले. अस्वस्थ करणारी पण सुमार कृती असू शकते, ही ओळ आम्ही मांडलीच नव्हती, कारण ती गैरसोयीची होती. याहून बिकट प्रकार म्हणजे 'जे टिकते ते श्रेष्ठ' असे म्हणायचे आणि न टिकलेले दाखवल्यावर 'ते मुळात श्रेष्ठच नव्हते' असे उत्तर द्यायचे. ज्या विधानाच्या प्रत्येक ओळीत सत्यच येते, ते साहित्याविषयी काहीच सांगत नाही.

कोष्टकाला मर्यादा आहेत, आणि त्या साहित्याच्या माणसालाच आधी दिसाव्यात. 'तो गरीब आहे आणि प्रामाणिक आहे' व 'तो गरीब आहे पण प्रामाणिक आहे' या दोन वाक्यांचे कोष्टक एकच. मात्र त्या 'पण'मध्ये गरिबाविषयीचा एक अख्खा पूर्वग्रह दडलेला आहे. 'चहा किंवा कॉफी' आणि 'चहा की कॉफी' यांतला फरकही कोष्टकाच्या चिमटीत येत नाही. 'की' निवड करायला लावते. पण 'आणि' व 'पण' यांची सत्यता एकच आहे हे आधी कळले, तरच उरलेला अर्थ कुठून आला हा प्रश्न पडतो. शैलीचा अभ्यास त्या प्रश्नापासून सुरू होतो, असे आम्ही मानतो.

म्हणून पदव्युत्तर वर्गात आम्ही एक प्रघात पाडला आहे. निबंधातले मध्यवर्ती विधान 'जर-तर'मध्ये लिहायचे, त्याच्या चार ओळी मांडायच्या आणि प्रत्येक ओळीसमोर वाचलेली एकेक कृती लिहायची. कृती सुचली नाही तर जागा कोरी सोडायची. विधान मोडणाऱ्या ओळीसमोर कृती सापडली तर विधान बदलायचे, कृती लपवायची नाही. निबंध त्यामुळे थोडे आखूड होतात. आमचेही झाले आहेत.