हात खिशाबाहेर

आमच्या शेजारचा मुलगा चाकणच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर होता. उजव्या हाताची तीन बोटे गेली, त्याला आता चार वर्षे झाली. पहिले वर्षभर तो हात खिशातच असे, अगदी लग्नाकार्यातही. आता तोच हात रोज संध्याकाळी मोबाइलपुढे असतो. उरलेल्या बोटांनी शर्टाची बटणे कशी लावावीत, कांदा कसा चिरावा, ईएसआयच्या अर्जाला काय काय जोडावे, असे दोन-दोन मिनिटांचे व्हिडिओ तो काढतो. परवा त्याची आई मला म्हणाली, "भाऊ, त्याला सांगा ना, हात दाखवू नको म्हणून. स्थळं येतायत."

सांगणार होतो. जमले नाही.

मला मुरलीकांत पेटकर आठवले. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे पाय निकामी झाले. १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी पोहण्याचे सुवर्णपदक मिळवले. पुढे आपल्या टेल्कोत, म्हणजे आजच्या टाटा मोटर्समध्ये, नोकरी केली. त्याच रस्त्यांवरून आपणही कामाला जात होतो. किती जणांना ठाऊक होते? पद्मश्री आली २०१८ साली, 'चंदू चॅम्पियन' २०२४ साली. पडद्यावर दिसायला बावन्न वर्षे लागली, तीही धडधाकट नटाच्या रूपात. शेजारच्या पोराला दिग्दर्शकाची वाट पाहावी लागत नाही, एवढा फरक नक्की पडला आहे.

पण मोबाइलचा पडदाही कुणाच्या तरी मालकीचा असतोच. अपंग दिसणाऱ्या माणसांचे व्हिडिओ फार लोकांपर्यंत जाऊ देऊ नका, अशा सूचना टिकटॉकने दिल्या होत्या, हे २०१९ साली उघड झाले. कारण काय, तर त्यांची टवाळी होऊ नये! म्हणजे टवाळखोर मोकळे आणि हा घरात. ही काळजी मी ओळखतो. आमच्याच जिन्यातली आहे ती.

अपंगत्व समजून घेणारा विनोद वेगळा आणि अपंगाला हिणवणारा वेगळा, हे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. अपंगाला अचाट नायक म्हणून रंगवू नये, हेही त्याच निकालात सांगितले. मीही त्याच्या व्हिडिओखाली 'जिद्दीला सलाम' असे लिहिले होते. त्याचे उत्तर आले, "काका, सलाम राहू द्या. बटण लागलं का ते सांगा."

सध्या त्याच्याकडे एक व्हिडिओ तयार आहे. प्रेसवरचा सुरक्षा सेन्सर बंद ठेवून उत्पादन काढले की काय होते, हे त्यात आहे. जुने सोबती अजून तिथेच कंत्राटावर आहेत. "टाकू का?" असे तो विचारतो. मी अजून उत्तर दिलेले नाही.