दिल्लीच्या गच्चीवरून ताऱ्याची अखेर

नोएडा, गाझियाबाद किंवा गुरुग्रामच्या एखाद्या सोसायटीत कुणी दुर्बीण विकत घेतली की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात, ''इथे काय दिसणार?'' प्रश्न चुकीचा नाही. दिवाळीच्या आगेमागे धुराचा थर, डिसेंबर-जानेवारीत धुके, मे महिन्यात धुळीची वादळे आणि बाराही महिने रस्त्यावरच्या दिव्यांचा उजेड. राजधानीतल्या कितीतरी मुलांनी आकाशगंगेचा पट्टा फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिला आहे. मग एवढा पैसा खर्च करून घरात दुर्बीण आणावी का? चंद्र आणि शनीची कडी चार वेळा पाहून झाली की ती माळ्यावरच जायची ना?

पण आकाशात काही वस्तू अशा आहेत, ज्यांचे शहरी उजेडाशी फारसे वैर नाही. त्यांना ग्रहीय तेजोमेघ म्हणतात. बिंबाभ्रिका असाही एक मराठी शब्द आहे आणि तो जास्त नेमका आहे, कारण ग्रहांशी यांचा काडीचाही संबंध नाही. १७८० च्या दशकात विल्यम हर्शेलला दुर्बिणीतून ही इवलीशी, फिकट हिरवट, गोल बिंबे ग्रहांसारखी वाटली आणि नाव चिकटले. (पत्रिकेतल्या नवग्रहांत यांची भर घालून कुणी शांती सुचवलीच, तर दक्षिणा देऊ नका!)

खरे तर हा सूर्यासारख्या ताऱ्याचा शेवट असतो. इंधन संपत आले की तारा फुगतो, बाहेरचे वायूचे थर अवकाशात सोडून देतो आणि मधोमध उरलेला तापलेला गाभा त्या वायूला उजळवतो. हा देखावा दहा-वीस हजार वर्षे टिकतो. ताऱ्याच्या आयुष्यात हा काळ म्हणजे डोळ्याचे पाते लवावे एवढाच. आपल्या सूर्यावर ही पाळी यायला अजून सुमारे पाच अब्ज वर्षे आहेत, तेव्हा काळजी नसावी.

हे समजले कसे, ती हकिकत छान आहे. लंडनचा विल्यम हगिन्स हा घरचा कापडाचा धंदा विकून आकाशाच्या नादी लागलेला हौशी गृहस्थ. घराच्याच आवारात त्याने आठ इंची दुर्बीण उभारली होती. १८६४ साली त्याने अशा एका तेजोमेघाचा प्रकाश लोलकातून पाहिला. ताऱ्यासारखा रंगांचा पट्टा दिसेल अशी अपेक्षा होती. दिसली ती ठळक हिरवी रेषा. म्हणजे तेथे ताऱ्यांची गर्दी नव्हती, चमकणारा विरळ वायू होता. ही रेषा कुठल्याच ठाऊक मूलद्रव्याशी जुळेना, म्हणून 'नेब्युलियम' नावाचे नवे मूलद्रव्यच कल्पिले गेले. १९२७ मध्ये आयरा बोवेनने दाखवले, की तो आपला नेहमीचा ऑक्सिजनच आहे, फक्त दोन इलेक्ट्रॉन गमावलेला. आपल्याकडे पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये कावसजी नायगमवाला यांनीही १८९० च्या सुमारास मृगातल्या तेजोमेघाच्या याच रेषेचे निरीक्षण केले होते.

दिल्लीकरांच्या कामी येते ती हीच रेषा. तेजोमेघाचा बराचसा प्रकाश दोन-तीन ठरावीक रंगांतच असल्याने फक्त तेवढेच रंग आत सोडणारे फिल्टर कॅमेऱ्यापुढे लावता येते. मेघाचा उजेड येतो, रस्त्याचा बहुतेक अडतो. जुने सोडियमचे दिवे जवळजवळ पिवळाच प्रकाश देत, त्यांना चुकवणे सोपे होते. २०१५ पासून देशभर एलईडी दिवे बसू लागले आणि त्यांचा पांढरा प्रकाश सगळ्या रंगांत पसरलेला असल्याने थोडा तरी आत शिरतोच. वीज वाचली हे चांगलेच झाले, पण दिव्याला वरून टोपण घालायला कितीसा खर्च येतो? आकाशाकडे जाणारा उजेड कुणाच्याच उपयोगाचा नाही.

दुसरी अडचण आकाराची. मिथुन राशीतला एनजीसी २३९२ हा मेघ आपल्याला दिसतो तो शंभर मीटरवर धरलेल्या एक रुपयाच्या नाण्याएवढा. पृथ्वी फिरत असल्याने दुर्बीण स्थिर ठेवली, तर तीन-चार सेकंदांत तो आपल्या रुंदीइतका सरकतो. म्हणून दुर्बिणीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखून ती मोटरने आकाशाबरोबर फिरवावी लागते. दिल्लीत हा आस सुमारे साडेअठ्ठावीस अंशांनी कललेला असावा लागतो. जंतर मंतरमध्ये सवाई जयसिंहाने बांधलेल्या सम्राट यंत्राची तिरपी भिंत याच कोनात उभी आहे. मुलांना तेथे नेलेत, तर ही गोष्ट जरूर दाखवा. नाहीतर ती नुसतीच पायऱ्या मोजून येतात.

फोटो एकदम एक काढत नाहीत. काही सेकंदांचे शेकडो फोटो घ्यायचे, हवेच्या थरथरीने बिघडलेले काढून टाकायचे आणि उरलेल्यांची संगणकावर सरासरी करायची. शंभर चांगले फोटो जमले, तर चित्रातला दाणेदारपणा दहाव्या हिश्शावर येतो. मेघ लहान पण ठसठशीत असल्याने ही युक्ती त्याच्यावर चालते. देवयानीसारख्या पसरट, अंधूक दीर्घिकेसाठी मात्र शहराबाहेरच जावे लागते. नागपूरकरांना त्यासाठी पेंच जवळ आहे. जानेवारी २०२४ मध्ये पेंच व्याघ्र प्रकल्पाला भारतातले पहिले डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली.

खर्चाचे स्पष्टच सांगायचे, तर आठ इंची दुर्बीण, मोटरचा भक्कम स्टँड, कॅमेरा आणि फिल्टर मिळून एखाद्या मोटारसायकलची किंमत होते. त्यातही लोक नळीवर पैसा ओततात आणि स्टँडवर वाचवतात. करायचे नेमके उलट. मुलाच्या हट्टापायी लगेच दुकान गाठू नका. आधी हौशी निरीक्षकांच्या एखाद्या मंडळात जाऊन दुसऱ्याच्या दुर्बिणीतून चार रात्री पाहा. पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हे काम करते आहे. दिल्लीत तीन मूर्तीच्या नेहरू तारांगणात चौकशी करता येईल.

उत्तम मुहूर्त सप्टेंबरअखेरचा. पावसाने हवा धुतलेली असते आणि धुराचे दिवस अजून यायचे असतात. संध्याकाळी साडेसातच्या सुमारास अभिजित तारा जवळजवळ डोक्यावर असतो. त्याच्याच स्वरमंडळात कंकणाकृती तेजोमेघ आहे, सुमारे अडीच हजार प्रकाशवर्षे दूर. दुर्बिणीला डोळा लावला, तर धुराच्या वलयासारखे करडे कडे दिसते. त्याच्या मधोमध असलेला मूळ ताऱ्याचा गाभा मात्र दिल्लीत आठ इंची दुर्बिणीतूनही डोळ्यांना दिसत नाही. पुरेशा फोटोंची बेरीज झाली, की तेथे एक बारीक ठिपका उमटतो.